पिंजाऱ्याला आलेली देश सोडायची नोटीस

माझा बाप उमरखेडला जन्मला. त्याचा बापही उमरखेडलाच जन्मला. आजोबाच्या बापाचं मला फारसं माहीत नाही, पण त्याची कबर आमच्याच कब्रस्तानात आहे, म्हणजे तोही काही उडत आलेला नव्हता. हे मी आधीच सांगून मोकळी होते. कारण माझ्या शाळकरी वयापासून पुढची कितीतरी वर्षं आमचं घर हेच सांगत फिरलं, आणि ऐकणाऱ्या साहेबांनी दर वेळी मान हलवून पुढचा कागद मागितला. अजूनही ते दिवस आठवले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आम्ही जातीनं पिंजारी. लोकांचा कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरून द्यायच्या, हा धंदा. धर्मानं मुसलमान, पण घरात बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. बापाला अब्बा म्हणायचो आणि आईला माय. दसरा झाला की अब्बा खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव निघायचा. पिंजण म्हणजे माणसाएवढं मोठं धनुष्य. त्याची तात, म्हणजे ताणलेली दोरी, लाकडी ठोकळ्यानं वाजवत राहिलं की खाली टाकलेला दबून गच्च झालेला कापूस उडून फुलून येतो. गल्लीत तात वाजली की बायका घरातून बोचकी काढून आणायच्या. अंगणात बसून अब्बा दिवसभर पिंजायचा, गादी भरायचा, टाके घालायचा, आणि संध्याकाळी केसांत, मिशांत, पापण्यांत कापूस घेऊन जेवायला बसायचा.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथूनच झाला. पिंजाऱ्यांच्या घराघराची गावं ठरलेली असत. ज्या घरानं आईच्या लग्नातली गादी भरली, त्याच घरानं लेकीच्या लग्नातली भरायची. दुसऱ्याच्या गावात पिंजण घेऊन शिरणं म्हणजे चोरी. आणि आपल्या गावानं लग्नाला बोलावलं असताना न जाणं म्हणजे ते गाव आपण होऊन सोडून दिलं. आमची गावं ढाणकीच्या बाजूला, पैनगंगेच्या दोन्ही काठांवर होती. अल्याड इंग्रजाचं राज्य होतं, पल्याड निजामाचं, तेव्हाही आजोबा पिंजण घेऊन पल्याड जायचा. निजामाच्या नाक्यावरचे लोक व्यापाऱ्यांच्या गाड्या अडवायचे, आजोबाला मात्र नुसती मान हलवून सोडायचे. पिंजाऱ्याला कसली हद्द, असंच सगळे धरून चालायचे.

अब्बाचा मोठा भाऊ मुंबईला गिरणीत होता. फाळणीच्या गडबडीत तो कराचीला गेला. आमच्या दादीनं त्याचा ध्यास घेतला. जेवण सोडलं, रडून रडून डोळे घालवले, एकदा पोराचं तोंड दाखवा म्हणून अब्बाच्या मागे लागली. तेव्हा परवाना काढून तिकडे जाता यायचं. अब्बा दादीला घेऊन गेला. दोन-तीन महिन्यांत येतो म्हणून सांगून गेला, पिंजण खुंटीला टांगून गेला. तिकडे दादी आजारी पडली. धड मरेना, धड उठेना. आईला परमुलुखात टाकून तो येणार कसा? ती गेली तोवर परवान्याची मुदत टळली होती आणि परवान्याची पद्धतच बंद होऊन पासपोर्ट सुरू झाले होते. आपल्या वकिलातीत त्यानं खेटे घातले. मुदत गेली, आमचा कागद मिळणार नाही, असं उत्तर आलं. मग घरी यायची एकच वाट उरली, तिथल्या सरकारचा पासपोर्ट घेऊन आपल्याच गावाचा व्हिसा मागायचा. अब्बाला लिहिता-वाचता येत नव्हतं. भावानं जिथे सांगितलं तिथे अंगठा उठवला आणि तो घरी आला.

घरी आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. मायनं ओळखलं, पण ती चुलीपुढून उठलीच नाही. तशीच पदरात तोंड घालून बसून राहिली. त्यानं खुंटीवरून पिंजण काढलं, तात सैल झाली होती ती आवळली आणि दुसऱ्या दिवशी कामाला गेला. त्याच्या दृष्टीनं गोष्ट तिथे संपली होती.

सरकारच्या दृष्टीनं ती तिथे सुरू झाली. व्हिसाची मुदत वाढवून घ्यायची, ठाण्यात हजेरी लावायची, जिल्ह्याबाहेर पाय टाकायचा नाही. पहिली वर्ष-दोन वर्षं आम्ही हे मुकाट्यानं केलं. आज ना उद्या साहेब लोकांना कळेल असं सगळे म्हणायचे. आणि मग नागरिकत्वाचा नवा कायदा आला, छप्पन साली त्याचे नियम आले. आमच्या शेजारी शाळेतले गुरुजी राहायचे, आमचे अर्ज तेच लिहून द्यायचे. त्यांनी नियम वाचून आणला आणि ओट्यावर बसून समजावून सांगितला. ज्याच्यापाशी दुसऱ्या देशाचा पासपोर्ट, त्यानं तो देश आपल्या खुशीनं पत्करला असं पक्कं धरायचं. पुरावा देऊन ते खोडताही येत नाही. पासपोर्ट हाच पुरावा.

अब्बा म्हणाला, घरी यायले घेतला ना तो. गुरुजी म्हणाले, ते विचारायची सोय नियमात नाही.

पुढच्या वर्षी परदेशी कोणाला म्हणायचं त्याचाही अर्थ कायद्यात बदलला. आधी अब्बासारखे लोक परदेशीत मोडत नव्हते, आता मोडायला लागले. बघा गंमत. माणूस तोच, ओटा तोच, पिंजण तेच; दिल्लीत कोणीतरी ओळ बदलली आणि आमच्या घरात परदेशी माणूस जेवायला बसला. तो परतल्यावर झालेला माझा धाकटा भाऊ तेव्हा रांगत होता. तो इथे जन्मला म्हणून जन्मानं भारतीय. माय भारतीय, मी भारतीय, नाक पुसता न येणारं पोरगं भारतीय, आणि ज्याच्या कमाईवर आम्ही सगळे जेवत होतो तो पाकिस्तानी. गुरुजी त्याच सुमारास बौद्ध झाले होते. धर्म बदलल्यावर त्यांच्या पोरांच्या सवलतीवर कचेरीत कुणीतरी बोट ठेवलं होतं. ते हसून म्हणायचे, पिंजारीभाऊ, आपण दोघं आहोत तिथंच बसलोत, रकाने फिरून राह्यले. मला ते हसणं काही कळायचं नाही. मला राग यायचा.

त्याच छप्पन साली दुसरीही एक गोष्ट झाली होती. राज्यांची फेररचना होऊन आमचा वऱ्हाड मध्यप्रदेशातून निघाला, पल्याडचा मराठवाडा हैदराबादेतून निघाला, आणि दोन्ही मुंबई राज्यात आले. शाळेत आम्हाला सांगितलं की आता पैनगंगा सरहद्द राहिली नाही. अल्याड-पल्याड एकच राज्य. मी घरी येऊन मोठ्या तोऱ्यात हे सांगितलं. अब्बानं ऐकलं आणि हे बरं झालं म्हणाला.

सत्तावन्नच्या हिवाळ्यात पल्याडच्या तांड्याचा नायक आमच्या घरी आला. तांडा बंजाऱ्यांचा. नायकाच्या बायकोच्या लग्नातली गादी आमच्या आजोबानं भरलेली. आता त्याच्या लेकीचं लग्न निघालं होतं. कापूस घरचा, वेचून ठेवलेला, पिंजारी तेवढा पाहिजे. त्यानं असंही सांगितलं की तुम्ही गेलात त्या सालांत हदगावकडचा एक पिंजारी दोनदा विचारून गेला, पण आम्ही त्याला हात लावू दिला नाही. आता असं बोलल्यावर पिंजारी घरात बसेल का? मायनं एवढंच विचारलं की ठाण्यात विचारावं का. अब्बानं तिला वेड्यात काढलं. नदीची हद्द सरकारनंच उठवली, पोरगी शाळेतून ऐकून आली, आता कायले विचारायचं.

तो गेला. लग्नाच्या गाद्या भरल्या, आहेराच्या उशा भरल्या, तांड्याच्या बायांनी त्याला शिरा खाऊ घातला, नायकानं फेटा दिला. खुशीत घरी आला. त्याला वाटलं, आपलं गाव राखलं.

आणि पुढच्या हजेरीला माझ्या बापानं काय करावं? ठाण्यातला हवालदार आमच्याच गल्लीतला, आम्हीच भरलेल्या रजईत झोपणारा. त्यानं सहज विचारलं, चाचा, मागल्या हजेरीले दिसले नाही. अब्बानं फेटा दाखवून सगळं सांगितलं. नदी उतरून गेलतो, तांड्यावर लग्न होतं, मोठा मान झाला. समोर पुसदहून तपासणीला आलेला अंमलदार बसला होता, हे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तरी सांगितलंच असतं, कारण लपवायचं काय हेच त्याला ठाऊक नव्हतं. हवालदारानं कपाळावर हात मारून घेतला. पैनगंगेपल्याड नांदेड जिल्हा. राज्य एक झालं, जिल्हा एक झाला नव्हता. परदेशी माणूस परवानगीवाचून नेमून दिलेली हद्द सोडून गेला, असा कागद झाला.

त्या कागदावरून देश सोडायची नोटीस आली. अमुक मुदतीत भारताबाहेर जा, नाही तर नेऊन सोडू.

मी ती नोटीस वाचून दाखवली तेव्हा अब्बा कापूस निवडत होता. त्यानं सरकी बाजूला काढत विचारलं, कोणाले आली? मी म्हटलं, तुम्हाला. तो म्हणाला, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचली. मग त्यानं काम बाजूला ठेवलं आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसला.

त्यानंतरचं काय सांगू? अर्ज, अर्जावर स्मरणपत्र, पुसदला जा, यवतमाळला जा, हा साहेब रजेवर, तो साहेब बदलून गेला, फाइल दिल्लीला गेली, फाइल दिल्लीहून यायची आहे. नोटीस थांबवली म्हणायचे, पण उठवली म्हणायचे नाहीत. पोलिसाची सायकल गल्लीत वळली की मायचा हात तव्यावर थांबायचा. अब्बाची पल्याडची गावं गेली. अल्याडचीही एकेक करून जायला लागली, कारण ज्याला केव्हाही नेतील अशा पिंजाऱ्याला लग्नाचं काम कोण सांगणार? लोक वाईट नव्हते. त्यांना गादी वेळेवर पाहिजे होती, बस.

मधे महाराष्ट्र झाला. पुन्हा आमचं राज्य बदललं. अल्लाशपथ, मला तेव्हा वाटायचं की या सरकारला राज्याच्या हद्दी दोन-दोनदा बदलता येतात, मग एका पिंजाऱ्याच्या कागदावरची एक ओळ बदलायला काय धाड भरली आहे?

शेवटी एक वाट निघाली. गुरुजींनी यवतमाळहून विचारून आणली. मूळचा इथला माणूस नोंदणी करून नागरिक होऊ शकतो. तो पासपोर्ट सरकारजमा करायचा, पाकिस्तानचं नागरिकत्व सोडतो असं लिहून द्यायचं, शपथ घ्यायची. कलेक्टर कचेरीत काम होतं, दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. मायनं ऐकताच वर हात करून दुवा मागितली. मी नाचायचीच बाकी होते. गुरुजींनी अर्ज भरून आणला आणि अब्बापुढे धरला.

अब्बानं काय लिहिलं आहे ते विचारलं. गुरुजींनी वाचलं: मी, पाकिस्तानचा नागरिक.

"हे खोटं हाये," अब्बा म्हणाला. "मी कधीच नोहतो. जे नोहतं ते सोडू कसं?"

आम्ही सगळ्यांनी त्याला समजावलं. गुरुजींनी समजावलं, हवालदारानं घरी येऊन समजावलं, मशिदीतल्या बुजुर्गांनी समजावलं. त्याचं एकच. मी नवीन मागून नाही राह्यलो, माझं होतं ते वापस द्या. त्या कागदावर अंगठा उठवला तर मी आजवर परका होतो हे मीच कबूल केल्यासारखं होईल. माझ्या बापाच्या कबरीपाशी कोणत्या तोंडानं उभा राहू? एकदा मी चिडून त्याच्यावर ओरडले. म्हटलं, कराचीत अंगठा उठवताना नाही विचारलं ते, आणि आता बरं सुचतंय. त्याला माझ्यावर रागावतासुद्धा आलं नाही, त्याचा मला जास्त राग आला. सरकारचा राग, त्याचा राग, त्या मेल्या पासपोर्टचा राग. कोणाकोणावर चिडावं हेच समजेना. तो खरं बोलत होता आणि त्या खऱ्यापायी आमचं घर उठायची वेळ आली होती.

अर्ज तसाच पडून राहिला. वर्ष गेलं असेल, जास्तही असेल. मग एके दिवशी दुपारी हवालदार आला, सायकल न लावता दाराशीच उभा राहिला. वरून शेवटची विचारणा आली होती. नोंदणीचा अर्ज येत नसेल तर नोटीस पुन्हा चालू, महिनाअखेरीला नेऊन सरहद्दीपार करा. तो मायकडे पाहत म्हणाला, भाभी, मलेच पाठवतीन त्याईच्या संग. माझ्या हातून हे काम होनार नाही, अन् नाही म्हनलं तर माझी नोकरी जाते. तुमीच काही सांगा.

तो गेल्यावर अब्बा म्हणाला, नेऊ दे. नेऊन सोडतीन, मी वापस येईन.

माय इतकी वर्षं या बाबतीत त्याच्यापुढे एक शब्द बोलली नव्हती. त्या दिवशी तिनं धुणं टाकून दिलं आणि ओल्या हातांनी त्याच्यासमोर येऊन बसली.

"वापस यायले पुन्हा त्याईचाच पासपोर्ट लागन," ती म्हणाली. "पुन्हा अंगठा लागन. मग हे सगळं पुन्हा. तुमी इथले हाय हे मले ठाऊक हाय, या गल्लीले ठाऊक हाय. साहेबाले नाही ठाऊक तर नसो. पन तुमी तिकडं जाऊन खरे ठरान, अन् मी इथं नवरा असून रांडमुंड बसन. एकदा बसली. दुसऱ्यांदा मी नाही बसनार."

असं तिखट बोललेली माय मी त्याआधी कधी पाहिली नाही, नंतरही नाही. अब्बानं तिच्या ओल्या हातांकडे पाहिलं. मग मला म्हणाला, गुरुजीले बोलाव.

आम्ही यवतमाळला गेलो, अब्बा, माय, गुरुजी आणि मी. मी एव्हाना मास्तरीण होण्याच्या अभ्यासाला लागले होते, म्हणून वाचायला-समजायला मलाच आत घेतलं. माय आणि गुरुजी बाहेर लिंबाखाली बसले. अब्बानं नायकाचा तो फेटा बांधला होता. बांधू नका म्हणून मी म्हटलं होतं, त्यानं ऐकलं नाही.

साहेब तरुण होता, गोरा, स्वच्छ बोलणारा. वाईट नव्हता, हे सांगायलाच पाहिजे. त्यानं अब्बाला खुर्ची दिली. एवढ्या वर्षांत खुर्ची देणारा तो पहिलाच. पासपोर्ट घेऊन त्यानं बाजूला ठेवला. मी कागद वाचून दाखवला. ती पहिली ओळ मी घाईघाईनं वाचून टाकली. अब्बानं अंगठा उठवला. मग साहेबानं शपथ एकेक तुकडा करून सांगितली आणि अब्बा उभा राहून मागोमाग म्हणत गेला. मुंबईकडच्या त्या शुद्ध भाषेतले शब्द त्याच्या तोंडात बसत नव्हते, तरी एकही सोडला नाही.

झाल्यावर साहेबानं हात पुढे केला. म्हणाला, "अभिनंदन. आजपासून तुम्ही आमचे झालात." मग चपराशाला पंखा नीट ओढायला सांगून तो माझ्याकडे वळला आणि हसत म्हणाला, तुमच्या इकडे ऊन फारच बुवा. तो साताऱ्याकडचा, महाराष्ट्र झाल्यावर बदलून आलेला. यवतमाळात त्याचा हा दुसरा उन्हाळा होता. इथलं पाणी अजून मानवत नाही म्हणाला.

माझ्या जिभेवर आलं होतं. दुसरा उन्हाळा झालेल्या माणसानं माझ्या बापाला सांगावं, तुम्ही आमचे झालात? अरे बाबा, तूच आमच्यात आलास, या म्हणायचं ते आम्ही म्हणायचं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात अब्बानं टेबलाआडून माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. आणि दुसरा हात कपाळाला लावून साहेबाला म्हणाला, "मेहरबानी, साहेब."

आम्ही बाहेर आलो. गुरुजी उठून उभे राहिले, त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि वाचायला लागले. माय अब्बाच्या तोंडाकडे पाहत होती.

"काय म्हनला साहेब?" तिनं विचारलं.

अब्बानं फेटा सोडून हातात घेतला, त्यानंच घाम पुसला.

"राहा म्हनते," तो म्हणाला.